दिग्दर्शक व्हायचंय? मग दोन वह्या ठेवा!



दहावी-बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणारी पत्रे ठरलेली असतात. पॉलिटेक्निक घ्यावे की बी.एस्सी.? नर्सिंगला मुलीला पाठवावे का? बँकेच्या परीक्षेचा अभ्यास कसा करावा? अलीकडे मात्र या पत्रांत एक नवा प्रश्न डोकावू लागला आहे. मुलगा म्हणतो, मला सिनेमाचा दिग्दर्शक व्हायचे आहे. मुंबईत एका युनिटमध्ये 'सहायक दिग्दर्शक' म्हणून घ्यायला तयार आहेत. पगार नाही, जेवण आणि जाण्यायेण्याचे भाडे देतील. पाठवावे की नाही?

प्रश्न विचारणारी आई कुठे अंगणवाडी सेविका असते, तर कुठे बाप एस.टी.च्या डेपोत असतो. त्यांच्या प्रश्नामागे काळजी असते आणि ती रास्त आहे. आपल्या घरांतली पहिली शिकलेली पिढी नोकरीला लागली ती जाहिरात वाचून, अर्ज भरून, परीक्षा देऊन. तिथे राखीव जागा होती, गुणवत्ता यादी होती, शेवटी हातात नियुक्तीपत्र पडत होते. चित्रपटाच्या धंद्यात यातले काहीच नाही. जाहिरात निघत नाही, यादी लागत नाही. 'माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे' या एका वाक्यावर माणसे कामाला लागतात. आणि ज्यांच्या ओळखीच नाहीत, त्यांनी काय करायचे?

सहायक दिग्दर्शकाचे काम हे त्या बंद वाड्याचे त्यातल्या त्यात उघडे असलेले दार आहे. या दाराने आत गेलेला माणूस दिग्दर्शक होतो का? माझे उत्तर आधीच सांगतो. होतो, पण नुसती सेवा करून होत नाही. सेटवर इमानेइतबारे राबणाऱ्याला कोणी एक दिवस बक्षीस म्हणून सिनेमा देत नाही. सहायक असतानाच ज्याने रात्री स्वतःची गोष्ट लिहिली, तोच पुढे खुर्चीवर बसला. हे कसे, ते दाखल्यांसह पाहू.

काम नेमके काय?

'असिस्टंट डायरेक्टर' म्हटले की दिग्दर्शकाच्या शेजारी बसून कॅमेऱ्यात डोकावणारा रुबाबदार तरुण डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात सेटवर सर्वांत आधी येणारा आणि सर्वांत शेवटी जाणारा जो असतो, तो सहायक दिग्दर्शक! बारा तासांची शिफ्ट ही बोलण्यापुरती असते.

त्याचे काम शूटिंगच्या कितीतरी आधी सुरू होते. पटकथा हातात आली की तिचा 'ब्रेकडाऊन' करायचा, म्हणजे प्रत्येक दृश्य सुटे करून त्याची यादी मांडायची. दृश्य दिवसाचे की रात्रीचे, घरातले की रस्त्यावरचे, त्यात पात्रे किती, कोणाच्या अंगावर कोणते कपडे, हातात कोणती वस्तू, गर्दी हवी का, बैलगाडी हवी का, पाऊस पाडायचा का. मग या याद्यांवरून शूटिंगचे वेळापत्रक बसते. सिनेमा गोष्टीच्या क्रमाने चित्रित होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एका घरातली सगळी दृश्ये, मग ती गोष्टीच्या सुरुवातीची असोत वा शेवटची, सलग उरकली जातात. कारण ते घर चारच दिवस भाड्याने मिळालेले असते.

इथेच 'कंटिन्युइटी'चा प्रश्न येतो. नायिका दारातून बाहेर पडते ते आज चित्रित झाले, आणि ती रस्त्यावर येते ते तीन आठवड्यांनी होणार. त्या दिवशी तिची वेणी कोणत्या खांद्यावर होती? पिशवी उजव्या हातात होती की डाव्या? चहाचा पेला अर्धा होता की रिकामा? हे सगळे एका सहायकाने वहीत टिपलेले असते, फोटो काढून ठेवलेले असतात. त्याची वही चुकली की पडद्यावर प्रेक्षक हसतात.

दुसरा एक सहायक क्लॅप मारतो. पाटीवर सिनेमाचे नाव, दृश्याचा क्रमांक, शॉट आणि टेक लिहायचा आणि कॅमेऱ्यापुढे फट्कन आवाज करायचा. हे काम गमतीचे वाटते, पण त्या आवाजावरच पुढे संकलनाच्या टेबलावर चित्र आणि ध्वनी यांची सांगड घातली जाते. तिसरा सहायक कलाकारांच्या मागे असतो. मेकअप झाला का, कपडे बरोबर आहेत का, संवाद पाठ झाले का? चौथा ज्युनियर आर्टिस्टांची गर्दी हलवतो. आणि या सर्वांच्या वर मुख्य सहायक, ज्याला युनिटमध्ये 'फर्स्ट ए.डी.' म्हणतात. सबंध सेट त्याच्या आवाजावर चालतो. उद्या कोणी किती वाजता कुठे यायचे, त्याची 'कॉल शीट' रात्री त्याच्या देखरेखीखाली निघते. सूर्य मावळतो आहे, तीन शॉट बाकी आहेत, नायकाला विमान पकडायचे आहे, जनरेटर बंद पडला आहे. अशा वेळी डोके शांत ठेवून काम पुढे रेटणे ही त्याची खरी परीक्षा.

यातून शिकायला काय मिळते? सिनेमा हे शेकडो हातांचे काम आहे, हे कळते. लाईटवाल्याला किती वेळ लागतो, स्पॉटदादाला मान दिला की काम कसे सुरळीत होते, घाबरलेल्या नटाशी कसे बोलावे, पैसा कुठे वाया जातो, हे कोणत्याही पुस्तकातून समजत नाही. दिग्दर्शक सकाळी ठरवून आलेली गोष्ट दुपारी कशी आणि का बदलतो, हे जवळून पाहायला मिळते. हे शिक्षण मोलाचे आहे यात शंका नाही.

उमेदवारीची परंपरा

आपल्या महाराष्ट्रात तर सिनेमाची सुरुवातच उमेदवारीने झाली. व्ही. शांताराम १९२० च्या सुमारास कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले, ते पडेल ते काम करायला. तिथे राबता राबता ते सिनेमाची सगळी अंगे शिकले. १९२७ साली 'नेताजी पालकर'च्या दिग्दर्शनात त्यांचा हात लागला आणि १९२९ साली सहकाऱ्यांबरोबर त्यांनी प्रभात फिल्म कंपनी उभी केली.

त्याच प्रभातमध्ये, पुण्याला, १९४४ साली गुरुदत्त नोकरीला लागले. नृत्य बसवणे, छोटी भूमिका करणे, दिग्दर्शकाला साहाय्य करणे, सगळे एकाच पगारात! तिथेच देव आनंद यांच्याशी त्यांची मैत्री झाली. दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, की ज्याला आधी संधी मिळेल त्याने दुसऱ्याला बरोबर घ्यायचे. देव आनंद यांनी तो पाळला आणि १९५१ साली 'बाजी' हा गुरुदत्त यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा आला. इथपर्यंतची हकीगत पुष्कळांना माहीत असते. पण मधली गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. प्रभातचा करार संपल्यावर गुरुदत्त काही महिने बेकार होते. त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी 'कश्मकश' नावाची एक कथा लिहिली. तीच पुढे १९५७ साली 'प्यासा' झाली. बेकारीत लिहिलेली ती पाने दहा वर्षे जपून ठेवली नसती तर 'प्यासा' कुठून आला असता?

गुलजार यांचेही तसेच. मोटारींच्या गॅरेजमध्ये रंगकाम करणारा हा तरुण बिमल रॉय यांच्याकडे सहायक झाला. बिमलदा १९६६ साली गेले. गुलजार मात्र लिहीतच राहिले. गाणी लिहिली, संवाद लिहिले, दुसऱ्यांच्या पटकथा लिहिल्या आणि १९७१ साली 'मेरे अपने' घेऊन स्वतः दिग्दर्शक झाले.

हा केवळ आपल्याकडचा अनुभव नव्हे. जपानचे जगप्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावा १९३६ साली एका स्टुडिओत सहायक म्हणून लागले. त्यांचे गुरू काजिरो यामामोतो यांनी त्यांना सांगून ठेवले होते, की दिग्दर्शक व्हायचे असेल तर पटकथा लिहायला शीक. दिवसभर सेटवर राबून कुरोसावा रात्री पटकथा लिहीत बसत. संकलनही त्यांनी गुरूकडूनच शिकून घेतले. सात वर्षांच्या उमेदवारीनंतर १९४३ साली त्यांचा पहिला सिनेमा आला. गुरू कसा असावा, याचाही हा दाखला आहे. नुसते काम करवून घेणारा साहेब वेगळा आणि 'तू स्वतःचे लिही' असे बजावणारा गुरू वेगळा.

म्हणून मुलामुलींना मी म्हणतो, दोन वह्या ठेवा. एक कामाची, तिच्यात दुसऱ्याच्या सिनेमाची कंटिन्युइटी. दुसरी स्वतःची, तिच्यात आपल्या गोष्टी, पाहिलेली माणसे, ऐकलेले बोलणे. पहिली वही युनिटची असते आणि सिनेमा संपला की जमा होते. दुसरी कोणी मागून घेऊ शकत नाही.

चांगल्या सहायकाला कोणी सोडत नाही!

या वाटेवरचा मोठा धोका काय? लोकांना वाटते, वाईट काम केले तर माणूस मागे पडतो. इथे उलटेही घडते. सहायक कामाचा निघाला की सगळे त्यालाच बोलावतात. एक सिनेमा संपतो, दुसऱ्याचा फोन येतो. दुसरा संपण्याआधी तिसरा ठरतो. बारा-पंधरा वर्षे कशी गेली कळत नाही. युनिटमध्ये मान असतो, 'अरे, तो आहे ना, मग काळजी नाही' असे सगळे म्हणतात. पण त्याच्या हातात त्याची स्वतःची एकही पटकथा नसते. निर्मात्याला दिग्दर्शक हवा असतो तेव्हा तो विचारतो, 'तुझ्याकडे गोष्ट काय आहे?' 'मी अमुक इतक्या सिनेमांना सहायक होतो' हे त्या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

अमेरिकेत तर हा फरक सरळ मान्य केलेला आहे. तिथे सहायक दिग्दर्शक हा व्यवस्थापनाचा स्वतंत्र पेशा समजतात. त्याची बढती साधारणपणे निर्मिती-व्यवस्थापक होण्याकडे होते, दिग्दर्शकाच्या खुर्चीकडे क्वचित. आपल्याकडे ती वाट अजून खुली आहे. पण मोठ्या युनिटांत आपल्याकडेही फर्स्ट ए.डी. हा स्वतंत्र पेशा होत चालला आहे. त्यात कमीपणा काही नाही. उत्तम फर्स्ट ए.डी. होऊन आयुष्यभर सन्मानाने पोट भरणारी माणसे आहेत. मात्र आपल्याला काय व्हायचे आहे हे आपण ठरवलेले असावे, ते परस्पर ठरून गेलेले नसावे.

आपल्या वाटेचे दाखले

आता ज्यांच्याकडे ओळखी नव्हत्या अशांकडे वळू. तमिळनाडूत सहायक म्हणून उमेदवारी करण्याची परंपरा अजून घट्ट आहे. पा. रंजित हे चेन्नईच्या शासकीय कला महाविद्यालयात शिकलेले. पुढे त्यांनी सहायक म्हणून काम केले. दिग्दर्शक वेंकट प्रभू यांच्या 'चेन्नई ६०००२८' (२००७) या सिनेमाच्या वेळी ते त्यांच्या हाताखाली होते. २०१२ साली 'अट्टकत्ती' हा त्यांचा पहिला सिनेमा आला, २०१४ साली 'मद्रास' आला आणि २०१८ साली त्यांनी रजनीकांत यांना घेऊन आपल्या मुंबईच्या धारावीची गोष्ट सांगणारा 'काला' केला. त्यातली भिंतींवरची चित्रे, विहार, पुस्तके आपल्या वस्तीतल्या माणसाने लगेच ओळखली.

रंजित एवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या निर्मिती संस्थेतर्फे त्यांनी मारी सेल्वराज या तरुणाला पहिला सिनेमा दिला, 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८). हे मारी सेल्वराज दिग्दर्शक राम यांच्याकडे सुमारे दहा वर्षे सहायक होते. दहा वर्षे! पण ती वर्षे नुसती क्लॅप मारण्यात गेली नाहीत. त्याच काळात ते तमिळमध्ये कथा लिहीत होते आणि 'आनंद विकटन' या साप्ताहिकातल्या त्यांच्या लेखमालेने ते वाचकांना परिचित झाले होते. म्हणजे पहिला सिनेमा मिळाला तेव्हा त्यांच्याकडे सांगायला काय आहे, हे जगाला आधीच कळले होते. पुन्हा तीच दुसरी वही!

चेन्नईत रंजित यांच्या पुढाकाराने 'कूगै' नावाचे एक वाचनालय सुरू झाले, तेही खास सहायक दिग्दर्शकांसाठी. खोलीवर पाच-सहा जण राहणाऱ्या मुलाला दोन सिनेमांच्या मधल्या काळात बसून वाचायला, लिहायला, चर्चा करायला जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडच्या विहारांतून आणि अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षांची मुले रात्र-रात्र बसतात. त्यांच्या शेजारी एक टेबल लिहिणाऱ्या मुलासाठी ठेवायला काय हरकत आहे?

आपल्या मराठी घरातले नाव म्हणजे नीरज घायवान. हैदराबादला वाढलेले, इंजिनिअर झालेले, पुण्यात एम.बी.ए. केलेले आणि चांगल्या पगाराची नोकरी असलेले. ती सोडून ते अनुराग कश्यप यांच्याकडे 'गँग्स ऑफ वासेपूर' (२०१२) साठी सहायक झाले. त्याच सिनेमाची गाणी लिहिणाऱ्यांत वरुण ग्रोव्हर होते आणि त्याच युनिटमध्ये विकी कौशल हाही सहायक होता. पुढे घायवान यांनी दिग्दर्शन केले, ग्रोव्हर यांनी लिहिले, विकी कौशलने स्मशानघाटावर काम करणाऱ्या डोम कुटुंबातल्या मुलाची भूमिका केली आणि २०१५ साली 'मसान'ने कान महोत्सवात दोन पुरस्कार मिळवले. गुरुदत्त-देव आनंद यांचीच गोष्ट पुन्हा घडली. सेटवर मोठ्या माणसाची ओळख होणे एवढे महत्त्वाचे नाही. आपल्याबरोबर जमिनीवर बसून जेवणाऱ्यांशी झालेली मैत्री पुढे कामाला येते.

घायवान यांनी आपली जात अनेक वर्षे लपवावी लागली, हे जाहीरपणे सांगितले आहे. 'मसान'नंतर त्यांनी दलित, बहुजन, आदिवासी समाजातल्या लेखक-सहायकांनी आपल्याकडे यावे असे उघड आवाहन केले, तेव्हा त्यावर टीकाही झाली. ते डगमगले नाहीत. 'मेड इन हेवन' या मालिकेच्या २०२३ सालच्या भागात त्यांनी बौद्ध पद्धतीचे लग्न दाखवले, ते किती घरांत डोळे पुसत पाहिले गेले! २०२५ साली त्यांचा 'होमबाउंड' कान महोत्सवात दाखवला गेला आणि भारताची ऑस्करसाठीची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला. आडनाव विचारून माणूस जोखण्याची सवय सेटवरून गेलेली नाही. पण आता आडनाव न लपवता काम करणारी माणसे वर बसलेली आहेत, हे मुलांना ठाऊक असावे.

पोटाचा प्रश्न

आता कळीच्या मुद्द्याकडे येऊ. पहिल्या कामाला पैसे बहुधा मिळत नाहीत किंवा नावापुरते मिळतात. मिळतात तेही उशिरा. ज्याच्या बापाचा मुंबईत फ्लॅट आहे, त्याला हे परवडते. ज्याला खोलीचे भाडे आणि मेस द्यायची आहे आणि वर घरी पैसे पाठवायचे आहेत, त्याला कसे परवडावे? गुणी मुले माघारी फिरतात ती गुण कमी पडले म्हणून नव्हे, भाडे थकले म्हणून. माझ्या माहितीतल्या एका मुलाच्या आईने बचत गटातून कर्ज काढून त्याला मुंबईला पाठवले. सहा महिन्यांत दोन सिनेमे झाले, दोन्हीचे पैसे बुडाले, आणि हप्ता मात्र दर महिन्याला उभा! लिहिलेले काहीच नव्हते, त्यामुळे मागायचे कोणाकडे?

यावर माझ्या अल्पमतीप्रमाणे काही गोष्टी सुचवतो.

१. कर्ज काढून जाऊ नका. पदवी आधी पूर्ण करा. सहा महिन्यांचे खोलीभाडे आणि जेवण हाताशी असेल तरच निघा.

२. पोटासाठी एक जोडकौशल्य शिकून जा. मराठी टंकलेखन, संकलनाचे सॉफ्टवेअर, फोटोग्राफी, गाडी चालवणे, काहीही. पटकथा टाईप करून देणाऱ्या मुलाला लेखकांच्या घरात प्रवेश मिळतो आणि पटकथा वाचायलाही मिळते.

३. फुकट काम करायचे तर एकदाच, आणि तेही किती दिवस ते आधी ठरवून. दुसऱ्या कामापासून पैसे मागा. मागायला लाजू नका.

४. काम, दिवस, पैसे आणि श्रेयनामावलीत नाव, या चार गोष्टी लेखी घ्या. मोबाईलवर आलेला संदेशही जपून ठेवा.

५. मराठी मालिकांना कमी लेखू नका. तिथे रोज काम असते, महिन्याचे पैसे त्यामानाने नियमित मिळतात. सहायकाचा भाग-दिग्दर्शकही होतो. मालिका आता मुंबई-ठाण्याबाहेर सातारा, कोल्हापूर, नाशिककडेही चित्रित होतात. गावाजवळ राहून शिकता येते.

६. संघटनेचे सभासद व्हा. मुंबईत चित्रपट आणि दूरचित्रवाणी दिग्दर्शकांच्या संघटनेत सहायकांनाही सभासद होता येते. थकलेल्या पैशांची तक्रार एकट्याने केली तर ती कानाआड जाते. संघटनेमार्फत गेली तर तिला वजन येते. हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

७. स्वतःची कथा कोणाला ऐकवण्याआधी तिची नोंदणी करा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना ती सोय आहे. 'सरांना सहज सांगितली होती' असे नंतर म्हणून उपयोग नसतो.

८. मुदत घाला. तीन किंवा चार सिनेमे, अथवा पाच वर्षे, जे काही ठरवाल ते घरच्यांना सांगून ठरवा. त्या मुदतीत स्वतःची निदान एक संपूर्ण पटकथा आणि एक लघुपट झालाच पाहिजे. लघुपटाला आता मोठा कॅमेरा लागत नाही. हातातल्या मोबाईलवर, वस्तीतल्या चार मित्रांना घेऊन करता येतो.

मुलींनी यावे का?

जरूर यावे! 'लगान' (२००१) चे उदाहरण घ्या. भुजजवळ २००० साली महिनोन्महिने चाललेल्या त्या शूटिंगमध्ये दिग्दर्शन विभागात किरण राव आणि रीमा कागती होत्या. रीमा कागती यांचा स्वतःचा पहिला सिनेमा २००७ साली आला. किरण राव यांनी 'धोबीघाट' केला आणि पुढे २०२४ साली त्यांचा 'लापता लेडीज' घराघरांत पोहोचला. त्या युनिटचे मुख्य सहायक अपूर्व लाखिया हेही नंतर दिग्दर्शक झाले. एकाच सेटवरून तीन दिग्दर्शक, त्यात दोन स्त्रिया!

मात्र डोळे उघडे ठेवावेत. रात्रीचे काम, बाहेरगावचा मुक्काम, वरिष्ठांची मर्जी, यांतून गैरफायदा घेणारे असतात. केरळात न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झाला, तेव्हा मल्याळम चित्रपटसृष्टीतले पुष्कळ काही बाहेर आले. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सिनेमाच्या सेटलाही लागू आहे. युनिटमध्ये तक्रार समिती आहे का, मुक्कामाची व्यवस्था काय, रात्री सोडायला गाडी आहे का, हे काम घेण्याआधी विचारावे. विचारल्याने काम जात असेल तर ते जाऊ द्यावे.

हीच एक वाट नव्हे

सहायक न होताही दिग्दर्शक होता येते. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरला जनसंज्ञापन शिकत असताना 'पिस्तुल्या' (२००९) हा लघुपट करून गेले आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'फँड्री' आणि 'सैराट' (२०१६) आले. त्यांच्याकडे सहायकपणाची वर्षे नव्हती, पण कवितेची वही होती.

प्रभात स्टुडिओच्या ज्या आवारात गुरुदत्त यांनी उमेदवारी केली, त्याच जागेत १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षेने होतो आणि केंद्र सरकारची संस्था असल्याने अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आहेत. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची तशीच संस्था आहे. आपल्या मुलांनी या परीक्षांचे अर्ज जरूर भरावेत. इथे तरी यादी लागते!

पालकांना दोन शब्द

'सिनेमाचे खूळ' म्हणून मुलाला गप्प बसवू नका. आणि तो हट्ट करतो म्हणून घरदार गहाणही टाकू नका. त्याला एकच सांगा, 'तू लिहिलेले काहीतरी आम्हाला वाचून दाखव.' ज्याच्याकडे वाचून दाखवायला दहा पाने आहेत, त्याला थोडा आधार द्या, मुदत ठरवून द्या. ज्याच्याकडे एकही पान नाही, त्याला आधी सहा महिने घरीच लिहायला लावा. गावच्या जत्रेचे, आजीच्या आठवणींचे, चाळीतल्या नळावरच्या भांडणाचे, जे सुचेल त्याचे. मुंबई कुठे जात नाही.

आणि ज्या मुलामुलींनी या वाटेवर आधीच पाऊल टाकले आहे, त्यांनी आपले अनुभव या पत्त्यावर जरूर कळवावेत. कोणत्या युनिटने पैसे वेळेवर दिले, कुठे काय शिकायला मिळाले, खोली शोधताना काय झाले, सगळे लिहा. नाव गुप्त ठेवले जाईल. मागून येणाऱ्यांना त्याचाच उपयोग होणार आहे. पुढील अंकात संकलन आणि ध्वनिमुद्रण या दोन कामांची माहिती घेऊ. त्यांत पहिल्या वर्षापासून पैसे मिळण्याची शक्यता अधिक आहे.